भविष्याची हजेरी

फेब्रुवारी लागला की आमच्या गावात सकाळी गुळाचा वास येतो. कसबा बावड्याच्या अंगाला अजून चार-दोन गुऱ्हाळं तग धरून आहेत. रस उकळायला लागला की त्याचा तो गोड, किंचित करपलेला वास वाऱ्यावर बसून थेट गावात शिरतो. मी बायकांना मोटार चालवायला शिकवते. सकाळी सातला गाडी काढायची, काचा खाली करायच्या, आणि तो वास आत आला की शेजारी बसलेली बाई हमखास क्लच सोडते. गाडी एक गचका देऊन बंद. मी कपाळाला हात लावते. पण खरं सांगू का, त्या वासात माझंही लक्ष रस्त्यावर नसतं.

परवा जी बाई शिकायला आली होती तिचा मुलगा यंदा दहावीला. परीक्षेची भीती मुलाला कमी, हिलाच जास्त. शाळेच्या कुंपणाला लागून एक मोकळी जागा आहे, तिथं मी तिला गाडी मागं घ्यायला शिकवत होते. आत जादा तास चालले होते. कुणीतरी घोकत होतं, कुणीतरी खिदळत होतं, आणि एक मास्तर फळ्यावर डस्टर आपटत होते. बाईंनी स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि मध्येच मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला पहिल्यापासून हेच करायचं होतं का हो?"

"न्हाई ओ, मला विमान चालवायचं होतं."

ती इतकी हसली की गाडी कुंपणाला टेकता टेकता राहिली. मीही हसले. पण मग दिवसभर डोक्यात दुसरं काही शिरेना. नव्वदीतला आमचा तो फेब्रुवारी जो मनात येऊन बसला, तो उठायलाच तयार नाही.

दहावीचा फेब्रुवारी हा एक वेगळाच महिना असतो. थंडी जाता जाता रेंगाळलेली असते, पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधून हिंडावं लागतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत डुलत चाललेल्या असतात. त्यांच्या मागं सायकल लावून ऊस ओढायचा, दातांनी सोलायचा आणि चिकट हातांनीच भूमितीचं पुस्तक उघडायचं. माझ्या पुस्तकातला पायथागोरस उसाच्या रसानं पुढच्या पानाला चिकटला होता, तो परीक्षेपर्यंत सुटला नाही. घरोघरी टीव्हीवर कापड टाकलेलं. आई दूध आणून द्यायची, त्यात बदाम. एरवी ज्या घरात मला कुणी विचारत नव्हतं त्या घरात "हळू बोला, नंदाचा अभ्यास चाललाय" असं ऐकू यायला लागलं. मला तर वाटायचं, मी काहीतरी असाध्य रोगानं आजारी आहे आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे.

वर्गात सगळ्यांची तीच गत. सकाळी सातला जादा तास. डोळे चोळत, केसांना तेल चोपडून, पांढरी पडलेली तोंडं घेऊन आम्ही बाकांवर बसायचो. आमच्या वर्गशिक्षिका घाटगे बाई. भूगोल शिकवायच्या. आवाज असा, की खाली मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या पोरांनाही सह्याद्रीचे घाट पाठ झाले असतील. एका सकाळी त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, चार-पाच जणांचे मेलेले "हजर" ऐकले आणि थांबल्याच.

"काय रे ही तोंडं? मार्चनंतर जग बुडणार आहे का?"

मग बाई टेबलाच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजपासून नावानं हजेरी नाही. पुढं कोण होणार ते प्रत्येकानं सांगायचं. उद्यापासून मी त्याच नावानं हाक मारणार आणि तुम्ही हजर म्हणायचं. कुणाला बदलायचं असेल तर बदला, पण सगळ्या वर्गासमोर उभं राहून का बदललं ते सांगायचं."

आधी सगळे एकमेकांकडं बघून हसले. मग एकेक जण उठायला लागला. अहो, आधी वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड होतं. मनात जे असतं ते तोंडानं मोठ्यांदा बोलायचं, आणि तेही शेजारणीच्या देखत! माझा नंबर आला तेव्हा मी डोळे मिटून म्हणाले, "बाई, मी पायलट हुणार." मी तोवर विमान जवळून बघितलंसुद्धा नव्हतं. उजळाईवाडीच्या माळावर कधीतरी एखादं उतरायचं, ते लांबून चिमणीएवढं दिसायचं. पण म्हणाले खरी. आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी खणखणीत आवाजात "पायलट!" म्हणून हाक मारली तेव्हा मी हजर म्हणायचं विसरून नुसती ताडकन उभी राहिले.

आमच्या वर्गात बाळू चौगुले होता. अंगानं काडी. तो उठून म्हणाला, "पैलवान." वर्ग हसून हसून बेजार. पण बाईंनी त्याला आठवडाभर पैलवान म्हणूनच हाक मारली. मग एके दिवशी बाळू आपण होऊन उभा राहिला. "बाई, बदलायचंय. काल तालमीत गेलतो."

"मग?"

"एकदाच गेलतो. कळलं."

त्याच्या गुडघ्याला, कोपराला आणि नाकाला तांबडी माती होती. त्यानं एस.टी. कंडक्टर निवडलं, कारण दोरी ओढून घंटी वाजवायचा अधिकार जगात दुसऱ्या कुणाला नाही असं त्याचं म्हणणं. शबाना मुजावर बातम्या देणारी होणार होती. ती रोज तास सुरू व्हायच्या आधी, हात टेबलावर जुळवून, टीव्हीतल्या बायकांसारखी मान किंचित तिरपी करून वर्गाच्या बातम्या द्यायची. "गणिताच्या सरांनी आज पुन्हा नवा शर्ट घातला असून वर्गात चिंतेचं वातावरण आहे." असलं काहीतरी. सर स्वतःसुद्धा दाराबाहेर थांबून ऐकायचे.

एकदा कुणीतरी विचारलं, "बाई, तुमचं काय?" बाई चक्क लाजल्या. घाटगे बाई लाजताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाल्या, "मी मुख्याध्यापिका." आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा बाई आम्हाला केवढ्या मोठ्या वाटायच्या! आता हिशोब करते तर पस्तिशीच्या पुढं नसतील. म्हणजे आजच्या माझ्यापेक्षा लहानच. त्यांच्याही पुढं केवढं आयुष्य पडलं होतं, हे तेव्हा आमच्या टाळक्यात कुठून शिरणार?

ही हजेरी बघता बघता वर्गाबाहेर पडली. रस्त्यात, बाजारात, भेळेच्या गाडीवर आम्ही एकमेकांना त्याच नावानं हाका मारायला लागलो. "ओ पायलट, सायकल तरी नीट चालवा की!" "कंडक्टर, जरा सरका, आम्हाला बसू द्या." एकदा शबाना घरी आली आणि दारातून ओरडली, "पायलट हायत का घरात?" आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "आमच्यात कोण न्हाई बाई तसलं. पुढच्या गल्लीत इचार." शबाना जिन्यात बसून हसत राहिली. मला मात्र आईचा राग आला. माझ्याच घरात मला कुणी ओळखू नये म्हणजे काय!

सगळ्यांचं काही ना काही ठरलं, फक्त सुमाचं ठरेना.

सुमंगला माझ्या बाकावर बसायची. मूळची हुपरीची. आठवीपासून मामाकडं राहून आमच्या शाळेत शिकत होती. घरचा चांदीचा धंदा, म्हणजे घरातच पुढच्या सोप्यात कारखाना आणि मागं स्वयंपाकघर. तिच्या बोटांची टोकं कायम काळसर असायची, कारण सुट्टीला गेली की ती आईबरोबर पैंजणाच्या कड्या जोडायला बसायची. घरात कानडी आणि मराठी अशी सरमिसळ. आईला अव्वा म्हणायची, वडलांना आप्पा. मोजकं बोलायची, पण बोलली की समोरचा गप्प व्हायचा. रोज हजेरीत तिचा नंबर आला की बाई थांबायच्या आणि सुमा म्हणायची, "बाई, अजून ठरलं न्हाई."

एकदा रंकाळ्याच्या कट्ट्यावर शेंगा खात बसलो होतो. मी वैतागून म्हटलं, "अगं काहीतरी सांग की! डॉक्टर म्हण, मास्तरीण म्हण. बोलायला काय जातंय तुझं?"

तिनं टरफलं ओंजळीत गोळा केली. "नंदे, आमच्यात ठरलंय सगळं. परीक्षा झाली की सुपारी फोडणार. कुरुंदवाडचं स्थळ हाय. लगीन दोन-चार वर्सांनी, पर ठरवून टाकायचं म्हणतात."

"आणि अकरावी?"

"कसली अकरावी? दहावीपत्तोर शिकवलं हेच लई झालं म्हणतात आप्पा."

आम्ही सगळे वर्गात बसून आपापलं आयुष्य सजवत होतो, कुणी विमानात, कुणी बसमध्ये, आणि ही पोरगी शेजारी बसून आमचं नुसतं बघत होती. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी तिला माझ्या वाटणीच्या सगळ्या शेंगा देऊन टाकल्या. दुसरं काय देणार होते?

पण माझ्या त्या प्रश्नानं की कशानं कोण जाणे, दोन दिवसांनी बाई तिच्या नंबरला थांबल्या आणि सुमा उभी राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून.

"कारखानदार."

मागच्या बाकांवरून हशा आला. कुणीतरी म्हणालं, "साखर का सूत?" बाईंनी नुसतं त्या बाजूला बघितलं, हशा थांबला.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, पैंजण आम्हीच करताव. अव्वा, काकी, मी. कड्या जोडायच्या, घुंगरं लावायची, सगळं बायकांच्या हातचं. पर नक्षी कुठली करायची ते आप्पा ठरवणार. माल घेऊन परमुलखात आप्पा जाणार. मी एकदा एक नवी नक्षी काढून दाखवली तर म्हणाले, तू कड्या जोड." ती थांबली. "मला ठरवायचंय बाई. नुसतं जोडायचं न्हाई."

आम्ही विमानं आणि बंगले मागत होतो. हिनं तिच्याच घरातली एक जागा मागितली होती, आणि ती विमानापेक्षा लांब होती. बाई म्हणाल्या, "बरं. उद्यापासून कारखानदार." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती हाक मारली ती इतकी मोठ्यानं, की मला वाटलं हुपरीपर्यंत पोचली असेल.

परीक्षेच्या तोंडावर महाशिवरात्र आली. सुमाच्या घरी ती मोठ्या थाटानं व्हायची. तिनं आम्हाला बोलावलं: मी, शबाना आणि बाळू. माझ्या आईनं "परीक्षा तोंडावर आलीय आणि हुंदडायला सुचतंय" म्हणून आकाशपाताळ एक केलं, पण देवाचं निमित्त म्हटल्यावर तिचाही नाइलाज झाला. आम्ही एस.टी.नं निघालो. बाळूनं सगळी वाट कंडक्टरच्या शेजारी उभं राहून काढली. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं, मधूनच पाचट पेटवलेलं, त्याचा धूर खिडकीतून आत. हुपरीत उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि घशाला कोरड पडली होती.

सुमाच्या घरासमोर एक जीप उभी होती. आम्हाला काय कल्पना! बाळू पुढं झाला आणि उंबऱ्यातूनच, रोजच्या सवयीनं, ओरडला, "ओ कारखानदार! पाणी द्या की जरा, लई तहान लागलीया!"

आतून सुमा आली नाही. तिचे आप्पा आले. धिप्पाड माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. त्यांना वाटलं, कुणी व्यापारी आला. हुपरीत दारात उभं राहून कुणी कारखानदार म्हणून हाक मारली, तर घरच्या कर्त्यानं बाहेर यायचं, हीच रीत. त्यांनी आम्हा तीन पोराटोरांकडं बघितलं, मग आमच्या मागं रस्त्यावर बघितलं.

"मीच कारखानदार. कोण आलंय?"

बाळू माझ्या मागं सरकला. सोप्यात चटईवर पाव्हणे बसले होते. फेटेवाले एक म्हातारे, त्यांच्या शेजारी एक मध्यमवयीन गृहस्थ, दोन बायका, आणि कोपऱ्यात भिंतीकडं बघत बसलेला एक तरुण. कामाची हत्यारं कापडाखाली झाकून ठेवलेली. उपासाचा दिवस, म्हणून पोह्यांऐवजी रताळ्याच्या किसाच्या बश्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुरुंदवाडचे! देवदर्शनाच्या निमित्तानं आले होते, म्हणजे तसं म्हणायचं होतं, आणि सुमा नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साडीत ती ओळखू येत नव्हती.

"पाणी कुणी मागितलं?" आप्पांनी परत विचारलं.

आम्ही तिघंही चपलांकडं बघत उभे. तेवढ्यात सुमा दोन पावलं पुढं आली.

"आप्पा, त्यांनी मला हाक मारली."

"तुला?"

"वर्गात मला कारखानदार म्हणतात. मीच सांगितलंय तसं."

फेटेवाले म्हातारे हसले. वाईट नव्हते ते, मौजेनं हसले. म्हणाले, "आता गं बया! पोरगी कारखाना काढती व्हय?"

अशा वेळी मुलीनं खाली बघायचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. पाहुण्यांपुढं एवढं बोलली हेच फार झालं होतं. सुमानं खाली बघितलं नाही. म्हणाली, "व्हय."

बस, एवढंच. स्वयंपाकघरात अव्वांच्या हातून झाकणी पडली आणि गोल गोल फिरत राहिली. मग अव्वाच पदर सावरत बाहेर आल्या आणि "बर्री, बर्री" म्हणत आम्हाला आत घेऊन गेल्या. आमच्यापुढं किसाच्या बश्या ठेवल्या. बाहेर मोठ्या माणसांचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. तो मला फार लवकर आल्यासारखा वाटला.

परतीच्या एस.टी.त बाळू कंडक्टरशेजारी उभा राहिला नाही. खिडकीशी बसून राहिला. "पायलट," तो म्हणाला, "मी तिचं वाटोळं केलं का गं?" शबानानं त्याच्या पाठीवर थोपटलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडले नाही, कारण त्याच्या जागी मी पुढं असते तर मीही तेच ओरडले असते.

दुसऱ्या दिवसापासून सुमा शाळेत आली नाही. मामाकडं जाऊन आले. मामी म्हणाली, हुपरीतच ठेवून घेतलंय तिला. परीक्षेला बसवतात का नाही, कुणास ठाऊक. बाई रोज हजेरीत "कारखानदार" म्हणून हाक मारायच्या, जरा थांबायच्या आणि पुढं जायच्या. माझ्या शेजारची बाकाची अर्धी जागा रिकामी. मी तिथं दप्तरही ठेवत नव्हते. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मार्कांपेक्षा दुसऱ्या कुणाच्या परीक्षेची काळजी वाटत होती.

जादा तासांचा शेवटचा दिवस उजाडला. बाईंनी हजेरी सुरू केली. पायलट, हजर. कंडक्टर, हजर. बातम्या देणारी, हजर. मग त्यांनी नेहमीसारखं "कारखानदार" म्हटलं आणि थांबल्या. दारात खाकरल्याचा आवाज झाला. आप्पा उभे होते. आणि त्यांच्या मागं, शाळेच्या गणवेशात, सुमा.

"आणलीया," आप्पा म्हणाले. हाकेला ओ द्यावी तसं नव्हे, ओझं उतरवावं तसं. "परीक्षा दिऊ दे तिला. पुढचं पुढं बघू." बाईंना नमस्कार केला, आमच्याकडं एकदा रागानं बघितलं, खास करून बाळूकडं, आणि निघून गेले.

काय झालं ते सुमानं मला तास चालू असतानाच कुजबुजत सांगितलं. जीपमध्ये बसता बसता ते मध्यमवयीन गृहस्थ, म्हणजे मुलाचे वडील, आप्पांना म्हणाले होते, "असली पोरगी आमच्यात कशी नांदणार ओ?" झालं! आप्पा सुमावर आधीच संतापलेले होते, पण दुसऱ्या कुणी तिला नावं ठेवावीत? "असली म्हंजे कसली?" त्यांनी जीपचं दार धरूनच विचारलं. "माझी पोरगी हाय ती. नीट बोला." स्थळ तिथंच मोडलं. त्यानंतर कितीतरी दिवस आप्पा घरात कुणाशीच बोलले नाहीत. ना सुमाशी, ना अव्वांशी, ना देवाशी. आणि आज पहाटे एकदम म्हणाले, गणवेश घाल.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? दुसरं स्थळ बघत्यात. निपाणीकडचं." ती पुस्तक उघडत म्हणाली. "पेपर तर दिऊ. तेवढं तर मिळालं."

परीक्षा झाली. कशी झाली ते विचारू नका. शेवटचा पेपर सुटल्यावर आम्ही शाईच्या पिचकाऱ्या मारल्या, पांढऱ्या शर्टांवर एकमेकांच्या सह्या घेतल्या आणि ढसाढसा रडलो. सुमा दुसऱ्या दिवशी हुपरीला गेली. मग आला तो लांबच लांब उन्हाळा. तेव्हा कुणाच्या घरी फोन असायचा? मी आंबे खाल्ले, गच्चीवर कुरडया राखल्या, आणि आकाशातून विमान गेलं की मान वर करून बघितलं. सुमाची काही खबर नाही. बाळू एकदा भेटला तेव्हा त्यानं आधी तिचंच विचारलं. मी म्हटलं, "मला काय म्हाईत!" आणि नंतर उगाच त्याच्यावर खेकसल्याबद्दल मनातल्या मनात चुटपुटत राहिले.

आज मागं वळून बघते तर त्या हजेरीतलं फारसं काही जसंच्या तसं घडलं नाही. बाळू आज मांडवाचा धंदा करतो, आणि निम्म्या गावाची लग्नं त्याच्या कनातीखाली लागतात. शबाना बातम्या देत नाही. शाळेत शिकवते, आणि तिच्या वर्गात रोज एक मूल उठून बातम्या देतं म्हणे. मी मोटारी शिकवते. घाटगे बाई तेवढ्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि माझ्याकडं गाडी शिकायला आल्या तेव्हा सगळ्या रस्त्यावर मलाच सूचना देत बसल्या. कुणी म्हणेल, मग काय उपयोग झाला त्या खेळाचा? मला तसं वाटत नाही. रोज सकाळी एक मोठं माणूस तुम्हाला तुमच्या मनातल्या नावानं हाक मारतं, चेष्टा न करता, आणि तुम्ही मान वर करून उत्तर देता. त्या वयात ज्याला हे मिळालं, तो पुढं काहीही करो, ताठ उभा राहतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या बायका गाडी बंद पडली की घाबरून माझ्याकडं बघतात. मी म्हणते, माझ्याकडं नको, पुढं बघा. हे मला कुठल्या ड्रायव्हिंगच्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी निकाल लागला. माझ्या विमानाला सायन्सच्या रांगेत जागा मिळण्याइतके मार्क काही पडले नाहीत. तेव्हा आई मला घेऊन कॉमर्स कॉलेजच्या रांगेत उभी राहिली. जूनचे ढग दाटून आलेले, पण पाऊस काही पडत नव्हता, नुसता उकाडा. पालक वर्तमानपत्रानं वारा घेत होते. मी खट्टू होऊन पायानं जमीन उकरत होते, आणि सहज मान वर केली तर अगदी खिडकीशी एक पांढरं धोतर दिसलं. त्याच्या शेजारी दोन वेण्या.

मी आईचा हात सोडून पुढं पळाले. रांगेतली माणसं ओरडली, "ए पोरी, रांगेत ये की!" मी कशाला ऐकते! खिडकीशी पोचले, पण हाक मारायचं धाडस होईना. आप्पांची मला अजून भीती वाटत होती. खिडकीतला कारकून मान न उचलता आप्पांना विचारत होता, "काका, विषय कुठला लावायचा मुलीला? गणित का एस.पी., ते सेक्रेटरीच्या कामाचं? एस.पी. लावा. मुलींना सोपं जातंय, आणि लग्न ठरलं तर मध्येच सोडताही येतंय."

आप्पांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मला वाटलं, आता हा माणूस मान डोलवणार. तो आयुष्यभर सगळ्यांचं ठरवत आला होता. नक्षी तोच ठरवायचा, बाजार तोच ठरवायचा, स्थळही त्यानंच ठरवलं होतं.

"मला काय इचारताय?" आप्पा एकदम वसकन ओरडले. कारकुनानं दचकून मान वर केली. "शिकणार ती हाय. तिला इचारा की! हितं उभी हाय न्हवं?"

आणि ते स्वतः एक पाऊल बाजूला सरकले. खिडकीसमोर आता सुमा एकटीच होती. तिनं वळून आप्पांकडं बघितलं नाही. दोन्ही हातांनी खिडकीची फळी धरली.

"गणित," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं, की सगळी रांग वाकून बघायला लागली.